मोत्या गोचिडाचं औषध प्यायला तेव्हा



इथे मी एरवी मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय कुत्र्याचा आहे. मी पशुवैद्य नाही, माणसांचा डॉक्टर आहे, आणि या लेखातली चूक माझी स्वतःची आहे. ती तुमच्या घरी घडू नये म्हणून हे लिहितोय.

मे महिन्यातला रविवार होता. सोलापूरचा मे सोलापूरकरांना सांगायला नको. दुपारी बाराला अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. आमचा मोत्या गावठी कुत्रा, वय तीन वर्षं, वजन अठरा किलो. आठवडाभर आम्ही गावाकडे शेतावर राहून आलो होतो, आणि येताना मोत्याने अंगावर गोचिडं आणली होती. कानाच्या घड्यांत, पायाच्या बोटांमध्ये, शेपटीखाली, जिथे हात लावावा तिथे गोचीड. नातू सुट्टीला पुण्याहून आलेला. चार वर्षांचा. तो मोत्याच्या गळ्यात पडून झोपणार, म्हणून हिने फर्मान काढलं, "आजच्या आज ती गोचिडं गेली पाहिजेत."

गावाकडे म्हशींसाठी आणलेली औषधाची बाटली आईने पिशवीत घालून दिली होती. बाटली अर्धी, लेबल तेलकट, कडेने फाटलेलं. "म्हशीला चालतं, कुत्र्याला का चालणार नाही?" असं आई म्हणाली, आणि तीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या मला त्यात काही चूक दिसली नाही. अर्धी बादली पाणी घेतलं, बाटलीची दोन झाकणं ओतली, फडक्याने मोत्याला चोळून काढलं. चष्मा आत टेबलावर होता. लेबल वाचलंच नाही.

उरलेलं पाणी ओतून द्यायला बादली उचलली, तर आई म्हणाली, "अरे, पाणी सांडू नकोस. नळ अजून दोन दिवस नाही. बाथरूमला होईल." सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. बादलीभर पाणी ओतून देताना आमचा हात अडखळतो, तो सवयीनेच. मी बादली व्हरांड्यात भिंतीशी ठेवली आणि जेवायला बसलो.

साडेतीनच्या सुमाराला नातवाने मला हलवून उठवलं. "आजोबा, मोत्या उठतच नाहीये."

व्हरांड्यात काय होतं

मोत्या भिंतीशी आडवा पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, शेजारी उलटी. हाक मारल्यावर डोळे उघडले, उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय लटपटले आणि पुन्हा खाली बसला. त्याचं पाण्याचं भांडं उन्हाने कोरडं पडलं होतं. बादलीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं. आणि त्या बादलीत एक कागदाची होडी तरंगत होती.

ती होडी पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. कुत्रा तर प्यायलाच होता, पण पोराचे हातही त्याच पाण्यात होते.

नातवाला हिने उचलून न्हाणीत नेलं, साबणाने हात, तोंड, पाय धुतले, कपडे बदलले. "पाणी तोंडात घातलंस का?" असं दहा वेळा विचारलं. तो दहाही वेळा नाही म्हणाला. तरी त्याच्याकडे एक माणूस बसवून ठेवला. दोन मिनिटांचं हे काम आहे, पण अशा वेळी सगळे कुत्र्याभोवती जमतात आणि मूल विसरलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतोय.

मग मी मोत्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी मोजली. मिनिटाला चव्वेचाळीस. एवढ्या आकाराच्या कुत्र्याची शांत असताना नाडी साधारण ७० ते १२० असते.

लाळ, उलटी, मंद नाडी, आणि हाताशी गोचीड-किडीचं औषध. आमच्या भागात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात यावर एकच उत्तर येईल: ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे शेतीतल्या जुन्या कीटकनाशकांचं विष. द्राक्ष, डाळिंब आणि उसाच्या या जिल्ह्यात फवारणीच्या औषधाचे रुग्ण आम्ही शिकत असल्यापासून पाहत आलोय. त्यावरचं औषधही झोपेत सांगता येतं: ॲट्रोपिन. ते माझ्या इमर्जन्सीच्या बॅगेत होतं. मी ॲम्प्यूल बाहेर काढलं.

सुदैवाने फोडण्याआधी मी आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. वयाने ते माझ्याहून पुष्कळ लहान आहेत.

"सर, नाव काय औषधाचं?"

"गोचिडाचं औषध आहे, म्हशीचं."

"ते कामाचं झालं सर. आत औषध कुठलं आहे? बाटली हातात घ्या आणि लेबल वाचून दाखवा."

मी चष्मा आणला. तेलाचा डाग पुसला. बारीक अक्षरात होतं: अमिट्राझ, १२.५ टक्के.

"सर, ॲट्रोपिन देऊ नका. उलटी करवू नका. दूध, तेल काही पाजू नका. त्याला घेऊन या, मी दवाखाना उघडतो. आणि ती बाटली बरोबर आणा."

एकच लक्षण, दोन वेगळी विषं

इथे थोडं समजावून सांगतो, कारण या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून होतं.

ऑर्गॅनोफॉस्फेट शरीरातलं एक एन्झाइम बंद पाडतं. त्यामुळे असेटिलकोलिन नावाचं रसायन साठत जातं. लाळ सुटते, छातीत पाणी होतं, नाडी मंदावते. ॲट्रोपिन नेमकं त्याच रसायनाला अडवतं, म्हणून तिथे ते जीव वाचवतं.

अमिट्राझचा रस्ता वेगळा आहे. ते मेंदूतल्या आणि रक्तवाहिन्यांवरच्या 'अल्फा-२' नावाच्या कळा दाबतं. रुग्ण गुंगतो, नाडी मंदावते, अंग थंड पडतं, आतड्यांची हालचाल थांबत येते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही विषबाधा सारख्याच वाटू शकतात. पण अमिट्राझ पोटात गेलेल्या कुत्र्याला ॲट्रोपिन दिलं तर आधीच सुस्तावलेली आतडी आणखी थांबतात, रक्तदाब वाढू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते.

हा गोंधळ फक्त कुत्र्यांच्या बाबतीत होतो असं नाही. अमिट्राझ प्यायलेली माणसंही दवाखान्यात येतात, आणि लाळ-मंद नाडी पाहून त्यांच्यावर ऑर्गॅनोफॉस्फेटचे उपचार सुरू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणजे त्या दुपारी माझ्या हातून होणारी चूक शिकल्या-सवरल्या माणसाची, नेहमीची चूक होती. अनुभव दांडगा असला की माणूस लेबल वाचत नाही.

गाडीत मोत्याला एका कुशीवर, मान जरा खाली ठेवून झोपवलं, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. दवाखान्यात पोचल्यावर पशुवैद्यांनी पहिल्यांदा विचारलं, "सर, ग्लुकोमीटर आहे का बरोबर?" माझ्याकडे तो नसेल तर कुणाकडे असणार! कानाच्या कडेला टोचून थेंब घेतला. साखर २८०. उपाशी, आजारी कुत्र्याची साखर २८०!

अमिट्राझ स्वादुपिंडातल्या इन्सुलिनला बाहेर पडू देत नाही, म्हणून साखर चढते. आयुष्यभर साखर मोजणाऱ्या मला हे त्या दिवशी एका तरुण पशुवैद्याने शिकवलं. "इन्सुलिन द्यायचं नाही सर," ते हसून म्हणाले, "विष उतरलं की साखर आपोआप उतरते."

त्यांनी सलाईन लावलं, आणि अंगावर चोळलेलं औषध कातडीतून अजून आत जात होतं म्हणून मोत्याला कोमट पाण्याने, साबणाने धुऊन पुसून कोरडं केलं, चादरीत गुंडाळलं. बाहेर बेचाळीस अंश तापमान आणि आत कुत्र्याचं अंग थंड! मग योहिम्बिन नावाचं इंजेक्शन दिलं. जनावरांना भूल देण्यासाठी झायलाझिन वापरतात, तेही याच अल्फा-२ कळा दाबतं. त्याचा उतारा म्हणून योहिम्बिन पशुवैद्यांकडे असतं. तोच उतारा इथे चालतो. अर्ध्या-पाऊण तासात नाडी ऐंशीवर आली. रात्री दहाला मोत्याने मान उचलली. पण उताऱ्याचा असर विषाच्या आधी ओसरू शकतो, म्हणून त्याला रात्रभर तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाहून त्याने शेपूट हलवली. एवढा निर्लज्जपणे सुटलेला मी आयुष्यात पहिल्यांदाच.

नातू ठीक होता. दर तासाला त्याची नाडी आणि गुंगी पाहत राहिलो. रात्री झोपला तेव्हा ही झोप नेहमीचीच ना, म्हणून मी दोनदा उठवून पाहिलं आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या.

पिसवांची आणि गोचिडांची औषधं: पोटात गेली तर?

पिसू उडी मारते, गोचीड चिकटून रक्त पिते. दोन्हींसाठी दुकानात मिळणारी औषधं मात्र बरीचशी सामाईक आहेत. आतलं औषध कोणतं, यावर धोका ठरतो.

मानेवर सोडायचे थेंब. यात बहुधा फिप्रोनिल असतं. कुत्र्याने ते चाटलं तर चव कडू असल्याने भरपूर लाळ आणि फेस येतो, कधी एखादी उलटी होते. घरचे घाबरतात, पण थोडं चाटल्याने सहसा गंभीर काही होत नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसा, प्यायला पाणी द्या आणि लक्ष ठेवा. अख्खी नळी चावून गिळली, किंवा कुत्रा थरथरू लागला, तर मात्र लगेच दवाखाना. हे औषध सशांना कधीही लावू नका.

परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. जनावरांच्या गोठ्यातली बरीच औषधं या गटातली. कुत्र्यांना ही बऱ्यापैकी सोसतात, पण घट्ट औषध पोटात गेलं तर लाळ, थरथर, झटके येतात. घरात मांजर असेल तर जास्त जपा. मांजराच्या यकृताला परमेथ्रिन निकामी करता येत नाही. कुत्र्याच्या अंगावरचं ओलं औषध चाटूनही मांजर दगावू शकतं.

अमिट्राझ. याची गोष्ट वर सांगितलीच. याचा गळपट्टाही मिळतो. कुत्र्याने तो चावून गिळला तर पोटात पडून त्यातून औषध झिरपत राहतं, म्हणून तो बाहेर काढावा लागतो. "शीतून निघून जाईल" म्हणून थांबू नका.

चघळायच्या गोळ्या. फ्लुरालानर, अफॉक्सोलानर वगैरे. या मुळात पोटात घेण्यासाठीच असतात आणि चवीला मांसासारख्या, म्हणून कुत्रं पाकीट फोडून दोन-तीन एकदम खातं. बहुतेक निरोगी कुत्र्यांना उलटी-जुलाबापलीकडे फारसं होत नाही. पण या गटाच्या औषधांनी काही कुत्र्यांना थरथर, तोल जाणं किंवा झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये दिला आहे. आधीपासून फिट्स येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हे पशुवैद्यांना सांगाच.

पावडरी आणि जुनी फवारणीची औषधं. यांत कधी प्रोपॉक्सरसारखं कार्बामेट, कधी ऑर्गॅनोफॉस्फेट असतं. इथे ॲट्रोपिनचाच उपयोग होतो. म्हणजे ज्या इंजेक्शनने मोत्याचं नुकसान झालं असतं, तेच दुसऱ्या बाटलीच्या बाबतीत जीव वाचवतं. लेबल का वाचायचं, याचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

मग करायचं काय?

१. कुत्र्याला औषधापासून दूर न्या. तोंडाशी, पंज्यांना लागलेलं पुसून काढा. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घाला. अंगावर सांडलं असेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल तर साबणाने धुवा.

२. घरातली मुलं आणि मांजर आधी मोजून घ्या. त्यांचे हात-पाय धुवा.

३. बाटली, पाकीट, गळपट्ट्याचा उरलेला तुकडा, जे असेल ते हातात घ्या. औषधाचं नाव आणि टक्केवारी वाचा. मोबाईलवर फोटो काढा.

४. पशुवैद्यांना फोन करा आणि चार गोष्टी सांगा: काय, किती, केव्हा, आणि कुत्र्याचं वजन. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. पोट रिकामं करायचं की कोळशाची पूड द्यायची, हे पहिल्या तासा-दोन तासांतच ठरवावं लागतं.

५. थरथर, झटके, लटपट, गुंगी, पांढुरक्या किंवा निळसर हिरड्या, श्वासाला त्रास, यातलं काहीही दिसलं तर फोनवर वेळ घालवू नका, थेट निघा.

पशुधनासाठी शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. माणसाच्या पोटात असं औषध गेलं तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. पण मूल गुंगलं असेल तर आधी दवाखाना, मग फोन.

आणि काय करायचं नाही?

मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो. त्याने रक्तातलं मीठ इतकं वाढू शकतं की त्यानेच झटके येतात. बोट घालूनही नको. पातळ, घट्ट औषधांमध्ये झायलीनसारखे द्रव असतात. उलटीत ते फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. गुंगलेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका, पाणीसुद्धा.

तूप, तेल, एरंडेल नको. यातली बरीच औषधं चरबीत विरघळतात. तुपाने ती जास्त शोषली जाऊ शकतात. आणि माणसांची औषधं नकोत. माझ्यासारख्या डॉक्टरच्या बॅगेतलीसुद्धा.

टक्क्यांचा हिशेब

१२.५ टक्के म्हणजे १ मिलिलीटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध. पाच मिलिलीटरचं एक झाकण म्हणजे सव्वासहाशे मिलिग्रॅम. म्हणून अशा बाटल्यांवर एका लिटर पाण्यात किती मिलिलीटर, हे छापलेलं असतं, आणि ते म्हशीसाठी वेगळं, कुत्र्यासाठी वेगळं असू शकतं. "दोन झाकणं" हे माप नाही. पाच रुपयांची सिरिंज घ्या आणि मोजून घाला.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या पंपात अनेकदा दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली असतात. अशा वेळी समोरच्या रुग्णाच्या अंगात नेमकं काय गेलंय, हे उपचार करणाऱ्याला कळणं अवघड होऊन बसतं. त्या बातम्या वाचताना "लोक लेबल का वाचत नाहीत?" असं मी म्हणालो होतो. आता तो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारत नाही.

एवढं वाचून कुणी "मग औषधच नको" असं ठरवू नका. गोचिडांमुळे कुत्र्यांना एर्लिशिया आणि बबेसियासारखे रक्ताचे आजार होतात, पिसवांमुळे पोटात पट्टकृमी होतात. योग्य औषध, योग्य मापात, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे, पशुवैद्यांना विचारून लावा. मोत्यालाही पुढच्या महिन्यात लावलं. या वेळी मानेवरचे थेंब, आणि वाळेपर्यंत तो माझ्या नजरेसमोर.

आमच्या घरी आता तीन नियम आहेत. औषध मूळ बाटलीतच राहणार, थंड पेयाच्या बाटलीत कधीही नाही. लावून झालं की उरलेलं पाणी त्याच मिनिटाला, मुलं-जनावरं जात नाहीत अशा जागी, विहीर-आडापासून दूर ओतायचं, नळ चार दिवस नसला तरी. आणि मोत्याचं पाण्याचं भांडं उन्हाळ्यात दिवसातून तीनदा भरायचं.

तिसरा नियम आईने केला. त्या रात्री ती बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "तहान लागली होती रे त्याला. भांडं कोरडं होतं." आम्ही सगळे औषधाचा विचार करत होतो. तो बादलीकडे का गेला, हे फक्त तिच्या लक्षात आलं होतं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: जनावरांच्या औषधाची बाटली असेल तर चष्मा लावून तिचं लेबल एकदा वाचून काढा. वाचता येत नसेल इतकं फाटलं असेल, तर ती वापरू नका.

काळजी घ्या. स्वतःची, आणि दारातल्या मुक्या जिवाचीही.